पुलाखालची रांग

चीनमधल्या त्यांजिन शहरात कालव्याच्या पुलाखाली शेन मिस्त्री सायकली दुरुस्त करायचा. फांगची बायको गुईफेन दर रविवारी आपली सायकल घेऊन त्याच्याकडे जायची आणि दुपारी काळ्या हातांनी, गालातल्या गालात हसत परतायची.

"काय डोकं आहे हो शेनचं! जुन्या स्पोकचा आकडा करतो आणि तुटलेल्या चेनची दोन्ही टोकं त्यात अडकवून ठेवतो. मग जोडताना चेन निसटतच नाही," असं ती जेवताना सांगायची, तेव्हा फांग ताट अर्धवट सोडून उठायचा. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याचं असं कौतुक तिने कधी केलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी तो तिच्या मागोमाग गेला. पाहतो तर गुईफेन स्टुलावर बसून कुणाची तरी चेन जोडत होती, भोवती गिऱ्हाइकं तिच्याशी थट्टामस्करी करत होती, आणि शेन नुसता बाजूला बसला होता.

"माझ्या बायकोला राबवतोस होय रे?" फांगने त्याला गाठून विचारलं.

शेनने उजवा हात पुढे केला. तो सारखा थरथरत होता.

"हिवाळ्यापासून हे असं आहे, दादा. युक्त्या माझ्या, पण हात वहिनींचे. घरी कळलं तर तुम्ही येऊ देणार नाही, म्हणून बोलल्या नाहीत."

फांग घरी परतला.


पुढच्या रविवारी त्याने पक्कड घेऊन स्वतःच्या सायकलची चांगली चेन तोडली आणि पुलाखाली जाऊन गिऱ्हाइकांच्या रांगेत उभा राहिला.