घरचा मेल

शनिवार उजाडला, दुपार झाली, तरी सिल्व्हियाला त्या दोघांचं जमवता आलं नव्हतं. तिसरा दिवस होता.

नागापूर एमआयडीसीतल्या ज्या पंपांच्या कारखान्यात ती कॉम्प्युटर सांभाळायची, तिथे मेल आतला असो वा बाहेरचा, आधी व्हायरस शोधणाऱ्या स्कॅनरकडे जायचा आणि मग स्पॅम फिल्टरकडे. या दोघांत फिल्टर बिचारा भोळा. स्कॅनरने पुढे पाठवला म्हणजे घरचाच, असं समजून तो सगळ्यांना आत घ्यायचा. लॉटरीवालेसुद्धा.

मालक गोरक्षनाथशेठ आवाज न चढवता म्हणाले होते, "मॅडम, शनिवारी चारनंतर एक जरी स्पॅम आत आला, नाहीतर कामाचा मेल अडकला, तर हे काम मी पुण्याच्या कंपनीला देणार."

नवरा घरी बसल्यापासून घर तिच्याच नोकरीवर चाललं होतं. डोळे चुरचुरत होते, पण उठून चालणार नव्हतं.

स्टोअरचे भिमाजी चहा घेऊन आले. ऑफिसात तिची विचारपूस करणारा हा एकच माणूस. पासवर्ड बदला, अनोळखी लिंक उघडू नका, अशा दोनशे बारा सूचना तिने तीन वर्षांत सगळ्यांना मेल केल्या होत्या. त्या कुणी वाचतं तरी का, असं तिने आज विचारलंच.

"बाकीच्यांचं मला ठावं न्हाई, ताई," भिमाजी म्हणाले. "मी तर तुमची सूचना वाचल्याबिगर चहाला हात लावत न्हाई."

तिला खरंच बरं वाटलं.

अडीचला गुंता सुटला. मेल मुळात कुणी पाठवला, ते फिल्टर बघू लागला. आता कचरा कशाला म्हणायचं ते शिकवायचं राहिलं. लोकांनी आजवर आपल्या हाताने स्पॅममध्ये टाकलेले सगळे मेल तिने त्याच्यापुढे ओतले. स्वतः एकही उघडला नाही. दुसऱ्याचे मेल वाचायचे नाहीत, ही तिची शिस्त.

चारपर्यंत एकही लॉटरीवाला आत शिरला नाही. तिने शेठना मेल लिहिला, "काम झालं. आता फिल्टर अडवेल तो कचराच." आणि खुर्चीत मागे रेलली.

सव्वाचारला शेठचा फोन आला. तिचा मेल अजून पोचला नव्हता.

तिने अडवलेल्या मेलची यादी उघडली. पहिला मेल तिचाच होता. फिल्टरने कारणही दिलं होतं: या पत्त्यावरून आलेले मेल ऑफिसातली माणसं स्पॅममध्ये टाकतात. खाली नावं आणि आकडे होते.

सगळ्यात वर होतं, भिमाजी, स्टोअर: दोनशे बारा.