ताईच्या गालांवरची लाली

"इंजेक्शनं कधीची बंद केली, तरी रक्त वाढतंच आहे," ताई म्हणाली. "गाल बघ माझे. तुझ्या बायकोने बघितलं तर जळून खाक होईल."

धाकट्या भावाने बघितलं. वर्षभर मेणासारखा पडलेला ताईचा चेहरा खरंच तांबूस झाला होता. त्याच्या छातीवरचा धोंडा सरकला.

तो ताईला किडनी देणार होता. सगळ्यांसमोर छाती काढून "मी देतो" म्हणाला होता. तेव्हापासून गड्याची झोप उडाली. दुकानात सोफ्याला कापड शिवताना सुई बोटात घुसली तरी त्याला घेरी यायची, इथे तर कूस फाडायची होती. भेकडच होता तो, उगाच गोड कशाला बोलायचं?

डॉक्टरांनी मागेच समजावलं होतं. तांबड्या पेशी किती बनवायच्या, हा हुकूम हाडांना किडनी देते. ताईच्या किडन्या गेल्या, हुकूम थांबला, रक्त आटलं. म्हणून ती इंजेक्शनं. आता इंजेक्शनाशिवाय रक्त वाढतंय म्हणजे...

"किडनी जागी झाली माझी," ताई म्हणाली. "तुझी तुझ्यापाशीच ठेव. नाहीतरी तुझ्यासारखीच आळशी निघायची."

"अगं, पण मी तयार आहे."

"माहितीये रे. वाघ आहेस तू."

घरी बायकोने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "डायलिसिसच्या मशीनवर तर अजून जातातच ना त्या? डॉक्टरांच्या तोंडून ऐकून या. उद्या लोक मलाच नावं ठेवतील."

तो गेला. डॉक्टरांसमोर बसून चाचरत म्हणाला, "ताईची किडनी सुधारलीय, तर मग ते ऑपरेशन..."

"सुधारली नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या किडनीत कॅन्सरची गाठ आहे. रक्त वाढवायचा हुकूम ती गाठ देतेय. फुप्फुसांत पसरलीय. आता कुणाचीच किडनी बसवता येणार नाही."

धाकटा ताडकन उठला. शर्ट वर ओढून त्याने कूस पुढे केली. "घ्या ना हो! आत्ता घ्या! तिला हे कळायच्या आत घ्या!"

"त्यांना महिन्यापूर्वीच सांगितलंय," डॉक्टर म्हणाले. "तो स्वतः विचारायला येईपर्यंत बोलू नका, म्हणाल्या. चार रात्री झोपू दे त्याला, म्हणाल्या."