गुरुजी हो म्हणाले

दवाखान्यातला पंखा थांबला, पण मशीनचा लाल दिवा विझला नाही.

"लाईट गेली वाटते," बाकावरून कोणी तरी म्हणालं. सौंसरात भरदुपारी लाईट जाणं यात नवल ते काय! नवल त्या दिव्याचं होतं. हेमंत डॉक्टर बाकाकडे वळून हसले. "गावाची लाईट जाऊ द्या, आपलं मशीन थांबत नाही. आत बॅटरी हाय. जर्मनीचं हाय म्हटलं हे." बाकावरच्या बाया एकमेकींकडे पाहून माना डोलवू लागल्या. माणसाला विश्वास ठेवायचाच असला की त्याला एवढंसंही पुरतं.

यशवंतराव गुरुजी मशीनपुढच्या खुर्चीत बसले होते. लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही. तोंडात एकच शब्द उरला होता, हो. भूक लागली तरी हो, जेवण नको असलं तरी हो. डोकं मात्र शाबूत होतं. समजत सगळं होतं, आणि तोच तर खरा छळ होता.

उजव्या हाताला मशीनची पट्टी बांधलेली होती; तिच्यातल्या करंटच्या उबेनं मेल्या नसा जाग्या होतात म्हणे. त्या हाताला गरम-थंड काही कळत नव्हतं. डावा हात पट्टीला लावायचा नाही, शॉक बसेल, असं डॉक्टर रोज दटावत. आज त्यांची पाठ होती. गुरुजींनी हळूच डावा हात उचलला आणि पट्टीवर ठेवला.

शॉक नाही, काही नाही. दिवा लाल आणि पट्टी माठासारखी थंड.

त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. थंडच. लाईट तर आत्ता गेली होती; पट्टी कधी तापत असती तर अजून कोमट तरी लागली असती. उन्हाळ्यापासून ते इथे येत होते. हात सुधारायचे दिवस इथेच, या खुर्चीत बसून संपले होते.

शेजारी स्टुलावर वच्छलाबाई बसल्या होत्या. गुरुजींनी बायकोचा हात घट्ट धरला आणि पट्टीकडे ओढला. वच्छलाबाई लाजून चूर! उभ्या संसारात या माणसानं चारचौघांत कधी हात धरला नव्हता. "अजी, काय करून राहिले! लोकं पाहून राहिले ना." त्यांनी हात सोडवला, पदर सारखा केला. आतून मात्र त्यांना बरं वाटलं, ते लपलं नाही.

तेवढ्यात बाकावरची एक तरणी बाई उठून पुढे आली. कडेवर तीनेक वर्षांची पोर, पोरीचा एक पाय तापानंतर काडीसारखा वाळलेला. हातात कपड्यांची थैली.

"गुरुजी, वळखलं का जी? मी गुलाब, रामाकोन्याची. तुमच्या शाळेत होती."

गुरुजींनी ओळखलं. बोलून चालून त्यांचीच पोरगी. पाढे म्हणताना डोळे मिटायची.

"सरकारी डॉक्टर म्हणते, पोलिओ हाय, आजच्या आज नागपूरले ने, आत्ता पायाची कसरत सुरू केली तर पोरगी चालन, उशीर नोको करू. सासू म्हणते, नागपुरात कोन हाय आपलं? इथं मशीन हाय, थेच लाव. गाडी उभी हाय स्टँडवर." गुलाबनं पोरीला कडेवर सावरून घेतलं. "मी दुसऱ्या कोनाचं ऐकत नाई. तुमी सांगा. या मशीननं फरक पडते का जी?"

"विचार, विचार. गुरुजींनाच विचार," डॉक्टर म्हणाले. त्यांना कसली आलीय भीती?

नाही. केवढासा शब्द! जन्मभर वर्गात किती पोरांना किती वेळा म्हटला असेल. गुरुजींनी सगळं बळ एकवटलं. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड वाकडं झालं, हनुवटीवर लाळ आली.

"हो."

त्यांनी जोरजोरात मान हलवली, इकडून तिकडे, तिकडून इकडे. "हो! हो!"

"मानेवर अजून ताबा नाही," डॉक्टरांनी गुलाबला समजावलं. "पण आवाज पाहा, कसा खणखणीत हाय."

"खरं हाय माय," वच्छलाबाई म्हणाल्या. "तोंडातून शब्द निघत नव्हता. पह्यलं 'हो' इथंच निघालं." त्या बिचाऱ्या खोटं कशाला बोलतील? त्यांनी ते खरंच इथे ऐकलं होतं.

गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पाहून गुलाबलाही भरून आलं. "रडू नोका जी. समजलं मले."

बाहेर स्टँडवर कंडक्टर ओरडत होता, "नागपूर, नागपूर!" गुलाबनं थैली बाकाखाली सरकवली. गाडी सुटल्याचा आवाज आला आणि हळूहळू दूर गेला.

डॉक्टरांनी गुरुजींच्या हाताची पट्टी सोडली आणि पोरीच्या पायाला बांधली. पोरीनं पाय आखडून घेतला.

"माय, थंडं हाय व हे."

"चूप बस," गुलाब म्हणाली. "गुरुजी सांगून राहिले ना? गुरुजी खोटं बोलतीन का?"

"हो," गुरुजी म्हणाले.

बाकावरची सगळी माणसं हसली. वच्छलाबाईही हसल्या, आणि पदरानं त्यांनी गुरुजींची हनुवटी पुसली.