सहलीतला वरणभात

मे महिन्यातल्या बोटीच्या सहलीचं तिकीट काढलं की कंपनीकडून जेवणाची यादी यायची. घरातल्या सगळ्यांच्या तब्येती आणि सवयी तपासून, कोण कुठल्या दिवशी काय खाईल हे यंत्र आधीच सांगायचं, आणि ते सहसा चुकत नसे.

पद्मजाने यादी उघडली. नवऱ्याच्या, श्रीरंगच्या, नावापुढे चार दिवस आमरस, बासुंदी, जिलबी. पाचव्या दिवसापासून दोघांनाही गोड नाही, फोडणी नाही, नुसता वरणभात.

“हे सुतकातलं जेवण वाटतंय,” ती म्हणाली. आतल्या खोलीत सासूबाई खोकत होत्या.

“यंत्र चुकलं असेल.” श्रीरंगने मान वर केली नाही.

“आईंनाही नेणार होतो. ते का बदललंस?”

“तिला झेपणार नाही.”

पद्मजाने तिघांची जुनी यादी शोधून काढली. त्यात शेवटच्या दिवसापर्यंत गोड होतं, आणि सासूबाईंना रोज सकाळी बोटीवरच्या डॉक्टरने सांगितलेली पेज.

“ही यादी पाहिली होतीस?”

“नाही गं. कुठली?”

दोन्ही याद्यांच्या तळाशी, वाचल्याची खूण म्हणून, श्रीरंगचा अंगठा उमटलेला होता. जुन्या यादीवर सोमवारची तारीख होती. आईचं तिकीट त्याने मंगळवारी रद्द केलं होतं.