पहिल्या आठवड्यातलं पोस्टर

हॉलमधलं घोडेस्वाराचं पोस्टर बाबा येईल त्या पाहुण्याला दाखवतात. "लग्न ठरल्यावर आम्ही दोघांनी पाहिलेला पहिला सिनेमा! पहिल्याच आठवड्यात थिएटरच्या मॅनेजरला मस्का लावून आणलंय."

जुन्या पोस्टरांचं साल ठरवणं हा माझा धंदा. परवा माझे संग्राहक मित्र घरी जमले होते आणि मला राहवलं नाही. तळाच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवून मी म्हणालो, "बाबा, थापा पुरे. या वितरक कंपनीचा सगळा इतिहास मी खणून काढलाय. ती निघालीच तुमच्या लग्नानंतर नऊ वर्षांनी. तेव्हा तिने हा सिनेमा पुन्हा लावला, त्या वेळचं आहे हे."

मित्र खो खो हसले. बाबांनी एकदा आईकडे बघितलं, मग कान पकडले. "पकडली बुवा चोरी!" म्हणाले आणि चहाचे कप गोळा करून आत गेले.

मित्र गेल्यावर मी ऐटीत आईला विचारलं, "तुला इतकी वर्षं कळलंच नाही?"

"कळलं की. लहानपणी तुझ्या उशीखाली पहिल्या पोस्टरातला घोडा कात्रीने कापलेला सापडला, त्याच दिवशी. मी तुला बडवून काढीन, म्हणून यांनी गुपचूप हे दुसरं आणून लावलं होतं."

 

आई खरकट्या बशा उचलत म्हणाली, "आज चारचौघांत थापाडे ठरले, पण तुझं नाव नाही घेतलं त्यांनी."