तिसरा कप

कॉर्नर घेण्याआधी घनसावंगीचा कल्याण साजिदच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला.

“साजिदभाई, राजूरच्या मॅचचं जरा बोलायचं होतं.”

“मंग बोलू,” साजिद त्याच्याकडे न बघता म्हणाला.

चेंडू आला. साजिदनं उडी मारून तो मुठीनं लांब घालवला.

दहा मिनिटं उरली होती. अंबडचा हिलाल क्लब एका गोलनं पुढं होता. ऑगस्टमध्ये राजूरचा कप, ऑक्टोबरात जिल्ह्याची लीग, आणि आज जालन्यात ही तिसऱ्या कपाची फायनल. एकाच हंगामात तिन्ही मारणारा क्लब जिल्ह्यात आजवर झाला नव्हता. अंबडहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. साजिदचे अब्बा पाशामियाँ तर सकाळपासून येऊन बसले होते.

गोलकीपर साजिद मात्र या खांबापासून त्या खांबापर्यंत फेऱ्या मारत होता. चेंडू पार पलीकडं असला तरी त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं.

राजूरच्या फायनलपासून हे असंच चाललं होतं. तिथंही हेच दोन संघ होते, अंबड आणि घनसावंगी. अंबड एका गोलनं पुढं. शेवटच्या मिनिटाला गोलसमोर झुंबड उडाली आणि चिखलात कल्याणसकट पाच-सहा जण एकमेकांवर पडले. साजिद सगळ्यांत खाली. त्यानं मान वळवली, तर चेंडू रेषेच्या चांगला वीतभर आत. काही ठरवायच्या आधीच त्यानं तो ओढून पोटाखाली घेतला होता. रेफरी पोचला तेव्हा चेंडू रेषेबाहेर होता. गोल दिलाच नाही.

घनसावंगीची सगळी टीम रेफरीला घेरून भांडली. एकटा कल्याण भांडला नाही. तो लांब उभा राहून साजिदकडे बघत राहिला.

तेव्हापासून कल्याण दिसला की साजिद रस्ता बदलायचा. एकदा अंबडच्या बसस्टँडवर त्यानं लांबून हाक मारली, तर साजिद समोरच्या बसमध्येच चढून बसला. घरी समोरचा चहा गार व्हायचा.

“जीते सो आदमी का मुँह ऐसा रहता क्या?” बायको तरन्नुम विचारायची.

“कुछ नहीं,” म्हणून तो उठायचा.

शिट्टी वाजली. मॅच संपली.

“तिन्ही आपले! साजिद, तिन्ही!” कप्तान इजहारनं त्याला उचललंच. पाशामियाँ रुमालानं डोळे पुसत मैदानात आले. फोटोसाठी आधीचे दोन कपही अंबडहून आणले होते. क्लबचे अध्यक्ष अमृतलालशेठ ते स्वतः टेबलावर मांडत होते. तिन्हींना हार घातले गेले.

“उत्कृष्ट गोलकीपर, साजिद शेख!” माईकवर नाव आलं.

साजिद टेबलाकडे निघाला. अर्ध्यात थांबला, वळला, आणि सरळ घनसावंगीच्या पोरांकडे गेला. कल्याण एका बाजूला बसून बूट काढत होता.

“कल्याणभाऊ, तुला माहीतच आहे, पण मला माझ्या तोंडानं सांगायचंय. राजूरला चेंडू आत गेल्ता. मी ओढून घेतला.”

कल्याणनं हातातला बूट खाली ठेवला.

“चल माझ्यासंग. आत्ताच शेठला सांगू, आयोजकांनाही सांगू. पोरं मला क्लबातून हाकलतील, हाकलू दे. तीन महिने धड जेवण गेलं न्हाई. त्यो कप आमचा न्हाई.”

माईकवर पुन्हा नाव पुकारलं गेलं. इजहार लांबून हात करून बोलावत होता. साजिदला मात्र छाती पहिल्यांदाच मोकळी झाल्यासारखी वाटत होती.

कल्याणनं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

“म्हंजे, तू पाह्यलं न्हाईस?”

“काय?”

“मला वाटलं तुला दिसलं, म्हणून तू मला टाळून राह्यला. आज सांगशील, उद्या सांगशील, असं म्हणत मी रोज भिऊन राह्यलो.”

“काय दिसलं, कल्याणभाऊ?”

कल्याणनं मान खाली घातली.

“चेंडू मी हातानं ढकलल्ता आत.”