बाबा विचारतायत

"बाबा विचारतायत, मुलींच्या खोल्यांना आतून कडी आहे का?"

भोंग्याचा आवाज वर्गाच्या मागच्या भिंतीवर आपटून परत आला. सहलीच्या बाईंनी मान डोलावली. "आहे. दारालगतच्या खोलीत आम्ही दोघी बाई झोपणार. पुढे?"

भोंगा म्हणजे नववीतली एक मुलगी. हे नाव मैत्रिणींनी ठेवलं होतं आणि तिला ते शोभायचं. तिच्या वडिलांना ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. ते घरीच पुस्तकं बाइंडिंग करायचे. नखांत कायम खळ वाळलेली. बाबा हातांनी बोलायचे आणि ते सगळ्या जगाला तोंडाने सांगायचं काम आधी आईचं होतं. दीड वर्षापूर्वी आई गेली आणि ते काम भोंग्याकडे आलं. दुकानदार असो, डॉक्टर असो, नाहीतर वह्या बांधून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, "बाबा म्हणतायत" असं म्हणून ती सुरू व्हायची.

सहल तीन दिवसांची होती. तळ्याकाठचं गेस्ट हाउस, अडतीस मुली, चार बाई. महिनाभर वर्गात दुसरा विषय नव्हता. सदतीस जणींचे परवानगीचे फॉर्म आले होते. अडतिसावा आज चार वाजेपर्यंत आला नाही, तर बसमधली ती जागा आठवीतल्या मुलीला जाणार होती. आता साडेतीन झाले होते.

पालकांच्या शंका ऐकायला बाईंनी ही सभा बोलावली होती. एका आईने गरम पाण्याचं विचारलं. एका वडिलांनी खिडक्यांच्या गजांचं विचारलं. एका मावशींनी डासांबद्दल इतकं खोदून विचारलं की डास जणू त्यांच्या ओळखीचे होते. दहा मिनिटांत सगळ्यांचं समाधान झालं. भोंग्याच्या बाबांचे प्रश्न मात्र संपेनात.

बाबांनी दोन बोटं तळव्यावर चालवली, हात खिडकीकडे झटकला आणि स्वतःच्या छातीवर थाप मारली.

भोंगा फळ्याकडे बघत म्हणाली, "बाबा विचारतायत, एखादीला दुसऱ्याच दिवशी परत यावंसं वाटलं तर?"

"एक बाई तिला घरापर्यंत आणून सोडतील."

बाबांनी पुन्हा बोटं चालवली. या वेळी जरा जोरात.

"बाबा विचारतायत, किती वेळात आणून सोडतील?"

"अहो, पोरगी तळ्यावर चाललीय, चंद्रावर नाही!" डासवाल्या मावशी म्हणाल्या. सगळे हसले. सगळे हसतात म्हणून बाबाही हसले.

शेजारी बसलेल्या चष्मिशने भोंग्याला कोपर मारलं. "तुझे बाबा आहेत की उलटतपासणी घेणारे वकील? एकदाची सही करायला सांग ना गं! खिडकीजवळची सीट धरून ठेवलीय तुझ्यासाठी."

"मी काय करू? बाबा ऐकतच नाहीत," भोंगा म्हणाली. एरवी असा विनोद केल्यावर ती स्वतःच आधी खिदळायची. आज खिदळली नाही.

घड्याळात चारला पाच मिनिटं उरली. पालक पिशव्या आवरू लागले.

"बाबा विचारतायत," भोंग्याचा आवाज एकदम खाली आला, "त्या तीन दिवसांत घरी काही झालं तर मुलीला कळणार कसं?"

"घरून मला फोन करायचा. मी लगेच उचलते."

"फोन करताच येत नसेल तर?"

"शेजारच्यांना सांगून ठेवायचं."

"शेजारचे दिवसभर कामावर असतात, बाई. आणि माणूस पडलेलं असेल तर सांगणार कसं? हाक मारून कुणाला ऐकूच गेली नाही तर?"

बाई उत्तर द्यायला निघाल्या आणि थांबल्या. त्यांचं लक्ष बाबांच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात मांडीवर स्वस्थ पडलेले होते. कधीचे.

टेबलावरचा एक कोरा फॉर्म उचलून बाईंनी उलटा केला, मागच्या बाजूला लिहिलं, "तुमची नेमकी शंका काय आहे?" आणि पेनासकट बाबांपुढे सरकवला.

भोंगा उठून उभी राहिली. "बाई, मी सांगते ना! मी सांगते त्यांना काय—"

"तू बस."

बाबांनी वाचलं. मग मुलीकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे. अर्धा तास ती बाईंशी एवढं काय बोलत होती, ते त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी पेन उचललं आणि एकेक अक्षर जपून काढत बराच वेळ लिहीत राहिले. कुणीही उठून गेलं नाही.

बाईंनी तो कागद उभ्या उभ्या वाचला. चष्मा काढला. मग कागद भोंग्याच्या हातात दिला. "तूच वाच. मोठ्याने नको."

कागदावर लिहिलं होतं :

"मी एकही प्रश्न विचारलेला नाही. मी हिला अर्धा तास एवढंच सांगतोय, तू जा, मी आहे. फॉर्मवर सही मी आठ दिवसांपूर्वीच केली. तो हिच्या दप्तरात असेल. आता मात्र माझा एक प्रश्न आहे, तेवढा हिला विचारा. हिची आई पडली, तेव्हा ही शाळेत होती. पलीकडच्या खोलीत मी होतो. हाका मारल्या असतील तिने, मला ऐकू आल्या नाहीत. मग शिक्षा ही का भोगतेय?"